फोटो हलका करा, पण पानावरचा डाग हरवू नका



"साहेब, फोटो धाडलाय, बघा आणि काय मारू ते सांगा." हे वाक्य खरिपात मी दिवसातून किती वेळा ऐकतो त्याची गणती नाही. पूर्वी रोगट पान किंवा अख्खा चूड उपटून, पिशवीत घालून तुम्ही पनवेलला आणत होता. येईपर्यंत तो कोमेजायचा, पण निदान हातात तरी मिळायचा. आता पान शेतातच राहते आणि त्याचा फोटो येतो. सोय मोठी झाली यात शंका नाही. पण या मोबाईलवरून त्या मोबाईलवर येताना फोटोचे काय होते, हे आपण फारसे लक्षात घेत नाही. मीही घेत नव्हतो. त्याचीच हकिगत आधी सांगतो, कारण चूक माझी आहे.

गव्हाणच्या बाजूचे एक काका. नवी मुंबईसाठी आपल्याकडची ९५ गावे अधिसूचित झाली, त्यानंतर या पट्ट्यात शेती उरली ती तुकड्यातुकड्यांनी. काकांचीही तशीच, खाडीच्या अंगाला असलेली दोन-चार खाचरे. भाद्रपदात एका रात्री त्यांचा फोटो आला. बांधावर उभे राहून अख्ख्या खाचराचा काढलेला. मी जेवता जेवता मोबाईलवर उघडला. मधे मधे पिवळट-तपकिरी पट्टे दिसत होते. बोटांनी मोठा करून बघायला गेलो तर पानांच्या जागी नुसते चौकोन. तरी अनुभवाच्या जोरावर सांगून टाकले, "करपा वाटतोय काका, बुरशीनाशक मारा."

काकांनी दुसऱ्याच दिवशी पंप पाठीला लावला. आठ दिवसांनी मी बांधावर गेलो तेव्हा रोग पुढे सरकलेला. पाने शेंड्याकडून खाली, दोन्ही कडांनी नागमोडी वाळत चाललेली. हा कडा करपा. तो बुरशीने होत नाही, जिवाणूमुळे होतो, आणि त्याला बुरशीनाशकाचा काही उपयोग नाही. औषधाचे पैसे गेले, एक दिवसाची मजुरी गेली. वर पीक पिवळे पडले म्हणून काकांनी मधल्या काळात युरियाचा हप्ता दिला होता. नत्र जास्त झाले की हा रोग अधिक जोर धरतो, म्हणजे विस्तवात तेल.

मग मी काकांच्या मोबाईलमधला मूळ फोटो मागितला. तो मोठा करून पाहिला आणि मला माझीच लाज वाटली. बांधालगतच्या चुडांमध्ये कडेने वाळलेली पाने अगदी स्वच्छ दिसत होती. म्हणजे फोटोला सगळे माहीत होते. वाटेत तो आक्रसला आणि माझ्यापर्यंत आला तेव्हा त्यातले नेमके जे हवे तेच गळून गेले होते.

ठिपक्यांचा हिशेब

मोबाईलचा फोटो ठिपक्यांचा बनलेला असतो. कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा असेल तर आडव्या फोटोत रुंदीला सुमारे ४००० आणि उंचीला सुमारे ३००० ठिपके असतात. गुणाकार केला तर १ कोटी २० लाख. अशा फोटोचे वजन साधारण ३ ते ५ एमबी भरते. आता हा फोटो आपण बघतो कशावर? तळहाताएवढ्या पडद्यावर. बऱ्याच मोबाईलचा पडदा रुंदीला १०८० ठिपक्यांचा असतो, स्वस्तातल्यांचा ७२०. चार हजार ठिपक्यांचा फोटो हजार ठिपक्यांच्या पडद्यावर पाहायचा म्हणजे शंभर मण भात पंचवीस मणांच्या कणगीत भरण्यासारखे आहे. मोबाईल तो बसवतो, पण उरलेले ठिपके दिसत नाहीत. मोठे करून पाहिले तरच दिसतात, तेही मूळ फोटोत असतील तर.

म्हणून पाठवण्यापूर्वी फोटो लहान करणे यात चूक काही नाही. उलट आपल्या तालुक्यात ते गरजेचेही आहे. गव्हाण-उलव्याकडे टॉवरला तोटा नाही, पण माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांवर उभे राहून ५ एमबीचा फोटो पाठवून बघा. ते गोल चक्र फिरत राहते आणि बॅटरी संपते. शिवाय फोन भरला की घरातली पोरे पहिल्यांदा आपलेच शेताचे फोटो पुसतात, लग्नाचे नाही.

लहान करताना किती फरक पडतो तो हिशेब तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. चौकोनी एक एकर जमीन घ्या आणि तिची लांबीही निम्मी करा, रुंदीही निम्मी करा. उरते किती? अर्धा एकर नाही, दहा गुंठे. फोटोचे तेच. ४००० बाय ३००० चा फोटो २००० बाय १५०० केला की १ कोटी २० लाखांचे ३० लाख ठिपके होतात. रुंदी १०८० वर आणली तर उंची ८१० होते आणि ठिपके उरतात पावणेनऊ लाख. साधारण चौदावा हिस्सा. काही सेकंदांत जातो, पडद्यावर चांगलाही दिसतो.

मग काकांच्या फोटोत बिघडले कुठे? ते समजायला डागाचे माप घ्या. करप्याचा डाग सुरुवातीला दोन मिलिमीटरचा, टाचणीच्या डोक्याएवढा असतो. बांधावरून काढलेल्या फोटोत समजा दोन मीटर रुंदीचे भात आले. चार हजार ठिपके दोन हजार मिलिमीटरवर वाटले गेले, म्हणजे मिलिमीटरला दोन. डागाच्या वाट्याला आले चार ठिपके. तो फोटो १०८० वर आणला की डागाला उरतो एक ठिपका. एका ठिपक्यावरून रोग ओळखणारा शास्त्रज्ञ अजून जन्माला यायचा आहे. आता तेच पान जवळ धरून, वीतभर म्हणजे वीस सेंटीमीटरची रुंदी चौकटीत येईल असा फोटो काढा. त्याच डागाला ४० ठिपके मिळतात आणि फोटो १०८० वर आणल्यानंतरही ११ उरतात. अकरा ठिपक्यांत डागाचा मधला भाग राखाडी आहे का, कड तपकिरी आहे का, टोके डोळ्यासारखी निमुळती आहेत का, हे निदान चाचपता येते.

सांगायचे ते एवढेच की फोटो आधी जवळून काढा, नको तो भाग कातरून टाका आणि मग लहान करा. क्रम उलटा झाला की डाग गेला.

फोटोतली खाचरे

थोडे आतल्या कारभाराबद्दल. फोटोची फाइल बहुधा 'जेपीईजी' जातीची असते. ही पद्धत १९९२ साली ठरली. तिच्यात संगणक फोटोची आठ बाय आठ ठिपक्यांची खाचरे पाडतो, एका खाचरात ६४ ठिपके. प्रत्येक खाचरातला ढोबळ रंग-उजेड ठेवतो आणि डोळ्यांना सहज न जाणवणारे बारीक फरक सोडून देतो. फाइल हलकी होते ती यामुळे. फार दाबली तर खाचरांचे बांध दिसू लागतात. काकांचा फोटो मोठा केल्यावर मला दिसलेले चौकोन ते हेच. यामागचे गणित १९७४ साली नासिर अहमद आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेत प्रसिद्ध केले. हे अहमद जन्माने बंगळूरचे. दोन सहकारी, नटराजन आणि राव, तेही नावावरून तुम्हाला ओळखता येतील. आपल्या खिशातला प्रत्येक फोटो या लोकांचे देणे लागतो, पण ते असो.

यातून लक्षात ठेवायचे ते असे: बारीक फरक सोडून देणे हा या पद्धतीचा स्वभावच आहे, आणि रोगाचे निदान बारीक फरकावरच चालते. लग्नातल्या फोटोत नवरदेवाच्या फेट्याची एक चुणी कमी दिसली तर कोणाचे बिघडत नाही. पानावरची कड पुसट झाली तर औषध चुकते.

एकदा गेलेला ठिपका परत येत नाही, हेही सांगून ठेवतो. लहान केलेला फोटो पुन्हा ताणून मोठा केला तर तो फक्त फुगतो. स्क्रीनशॉटचा स्क्रीनशॉट काढून पाठवला की दर खेपेला थोडे आणखी गळते. गटात फिरून फिरून आलेला फोटो म्हणूनच धुरकट असतो.

फोटो पाठवून सल्ला घेण्याची कल्पना आजची नाही. मुंबईच्या आयआयटीने बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राला सोबत घेऊन २००३ साली 'आक्वा' ही प्रश्नोत्तर सेवा सुरू केली. शेतकऱ्याने मराठीत विचारावे, तज्ज्ञाने उत्तर द्यावे. पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, हैदराबादच्या एका माहिती तंत्रज्ञान संस्थेने 'ई-सागू' नावाने वारंगळकडच्या कापूस उत्पादकांसाठी वेगळा प्रयोग केला. गावातला प्रशिक्षित माणूस शेतोशेत फिरून फोटो काढी. पण त्या काळी खेड्यातून इंटरनेटवर फोटो जाईनात, म्हणून ते सीडीवर भरून कुरियरने हैदराबादला पाठवत. फोटो लहान करून डाग घालवण्यापेक्षा त्यांनी एक दिवस उशीर पत्करला. मला या लोकांचे कौतुक वाटते. आज आपल्याला कुरियर नको, मोबाईलमधले एक बटण पुरते, पण ते दाबायचे आपल्याला सुचत नाही.

करायचे कसे

कॅमेरा उघडलात की आधी काच धोतराच्या सोग्याने पुसा. हसू नका, निम्म्या धुरकट फोटोंचे कारण घामाचा हात असतो. पानामागे तळहात किंवा गडद फडके धरा. भर उन्हात पान चकाकते, म्हणून आपली सावली पानावर पडेल असे उभे राहा. पडद्यावर डागाच्या जागी बोट टेकवा, म्हणजे कॅमेरा तिथे नजर लावतो. लांबून झूम करू नका. झूम केल्याने पुष्कळदा मोबाईल जवळ जात नाही, नुसते कातरून मोठे दाखवतो. तुम्हीच चिखलात दोन पावले पुढे जा. माप कळावे म्हणून शेजारी काडेपेटीची काडी ठेवा. फार जवळ नेल्यावर चित्र फाटत असेल तर थोडे मागे या, वीतभर अंतर बहुतेक फोनना मानवते.

मग गॅलरीत तो फोटो उघडून 'एडिट' मध्ये जा. तिथे 'क्रॉप' म्हणजे कातरण्याची खूण असते. कोपरे आत ओढून पानाचा रोगट भाग तेवढा ठेवा. जतन करताना 'कॉपी' म्हणून जतन करा, मूळ फोटो जिथल्या तिथे राहिला पाहिजे. काही मोबाईलमध्ये तीन ठिपक्यांच्या खुणेत 'रिसाइज' हा पर्याय मिळतो. नसेल तर गावठी युक्ती सांगतो: मूळ फोटो उघडा, रोगट भाग पडदाभर होईपर्यंत बोटांनी मोठा करा आणि स्क्रीनशॉट घ्या. पडद्याला बसेल एवढाच, कातरलेला आणि हलका फोटो आपोआप तयार. आमच्यातले काही जण याला कमी लेखतात, पण सल्ल्यापुरता हा फोटो मला मूळ खाचराच्या फोटोपेक्षा दसपट उपयोगी पडतो.

व्हॉट्सअ‍ॅप स्वतःच फोटो लहान करते, त्याला आपण सांगावे लागत नाही. साध्या रीतीने पाठवला तर लांब बाजू सुमारे १६०० ठिपक्यांवर येते. २०२३ च्या ऑगस्टपासून फोटो पाठवताना वर 'एचडी' ची खूण दिसते, ती दाबली की जास्त ठिपके जातात. आणि अजिबात काटछाट नको असेल तर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, तो जसाच्या तसा जातो. दोन चांगले, कातरलेले फोटो एचडीत पाठवा. एकाच जागेवरून काढलेले बारा फोटो पाठवू नका.

भाताच्या बाबतीत एका फोटोने भागत नाही, हेही खरे. आमच्या खाडीकाठच्या शेतात तीन दुखणी लहान पडद्यावर एकसारखी दिसतात. एक करपा, दुसरा कडा करपा आणि तिसरे खारे पाणी. बंदिस्तीला खांड पडली किंवा उघाडी गळू लागली की भरतीचे पाणी खाचरात शिरते, आणि मग शेंडे पांढरट होऊन वाळू लागतात. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या क्षार सोसणाऱ्या जाती दिल्या त्या अशाच जमिनींसाठी. तेव्हा खाडीकाठच्या शेतकऱ्याने तीन फोटो पाठवावेत: एक पानाचा जवळून, एक चुडाच्या बुंध्याचा आणि एक खाचराचा, ज्यात बांध आणि उघाडी दिसेल. बुंध्याचा का? तपकिरी तुडतुडे पाण्यालगत बुंध्यावर बसतात. वरून पानांचे कितीही सुंदर फोटो काढा, ते दिसायचे नाहीत.

कडा करप्याची शंका असेल तर फोटोवरही विसंबू नका. रोगट पान कापून त्याचा कापलेला भाग काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात धरा. थोड्या वेळाने कापाजवळून दुधट धार उतरताना दिसली तर तो जिवाणू. त्या पेल्याचा फोटो पाठवलात तर मी लगेच सांगेन की औषधाचा खर्च थांबवा, युरिया रोखा आणि शक्य असेल तर खाचरातले पाणी काढा. काकांना हे मी पहिल्याच रात्री सांगायला हवे होते. काका भले माणूस, मला काही बोलले नाहीत. चहा पाजला, हेच जास्त लागले.

पुराव्याचा फोटो वेगळा

वर सांगितलेले सगळे सल्ल्याच्या फोटोला लागू आहे. नुकसानीच्या फोटोला ते लावाल तर पस्तावाल. मूळ फोटोच्या पोटात तो कधी काढला आणि कॅमेऱ्याचे 'लोकेशन' चालू असेल तर कुठे काढला, याची नोंद असते. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो पाठवला की ही नोंद गळते. स्क्रीनशॉटला तर ती मुळातच नसते, त्यावर तारीख येते ती स्क्रीनशॉटची. म्हणून परतीच्या पावसाने आडवे झालेले भात, फुटलेला बांध, रानडुकरांनी तुडवलेले खाचर यांचे मूळ फोटो कातरू नका, लहान करू नका, पुसू तर नकाच. द्यायचे झाले तर डॉक्युमेंट म्हणून द्या. पीक विम्याचे नियम हंगामागणिक बदलतात. एक रुपयाची योजना २०२३ च्या खरिपात आली आणि २०२५ च्या खरिपात गेली, हे आपण पाहिलेच. त्या त्या हंगामाचा नियम विचारून घ्या, पण मूळ फोटो कोणत्याही नियमात अंगाशी येत नाही.

ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू आहे. तिथे फोटो शेतात उभे राहून त्या अ‍ॅपमधूनच घ्यायचा असतो, त्यामुळे लहान-मोठे करण्याची डोकेदुखी नाही. ऑनलाइन अर्जात मात्र कागद जोडताना खोक्याखाली किती केबीपर्यंत चालेल ते लिहिलेले असते. तेवढ्यात बसवण्यासाठी फोटो दाबत दाबत सातबाऱ्यावरचा गट क्रमांकच वाचता येईनासा करू नका. आधी कागदाभोवतीची सतरंजी, पाय, पाण्याचा तांब्या कातरून टाका. वजन बहुधा तिथेच उतरते.

आता चार शब्द गावकारभाऱ्यांसाठी, म्हणजे ग्रामपंचायत अधिकारी (आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो), तलाठी आणि माझ्यासारखे विस्ताराचे लोक यांच्यासाठी. आपण तालुक्याहून आलेले परिपत्रक टेबलावर ठेवतो, वरून फोटो काढतो आणि गावाच्या गटात टाकतो. कागदाची रुंदी २१ सेंटीमीटर, मोबाईलचा पडदा साधारण सात. म्हणजे चार मिलिमीटरचे अक्षर सव्वा मिलिमीटरच्या आसपास येते. साठी उलटलेल्या माणसाने ते वाचावे अशी अपेक्षा असेल तर आपणच ते एकदा हात लांब करून वाचून पाहावे. कागदाचे तीन तुकडे करून तीन फोटो टाका, किंवा मुख्य चार ओळी टंकून पाठवा: कोणती योजना, शेवटची तारीख, लागणारे कागद, कोणाला भेटायचे. टंकलेला मजकूर काही केबीतच मावेल इतका हलका असतो आणि वाचणाऱ्याला हवा तेवढा मोठा करता येतो. मागे मी स्वतः फवारणीचे वेळापत्रक असे एका फोटोत कोंबून पाठवले होते. एका ताईंचा फोन आला, "भाऊ, ते दहा लिटरला की पंधराला?" औषधाच्या मात्रेत असा प्रश्न पडणे बरे नाही. त्यांनी विचारले म्हणून कळले, बाकीच्यांनी काय वाचले असेल देव जाणे.

शेवटी एक मागणे. फोटो पाठवल्यावर पान फेकून देऊ नका. कोरड्या वर्तमानपत्राच्या घडीत ठेवा, वर तारीख आणि गट क्रमांक लिहा. फोटोवरून माझी खात्री पटली नाही तर मी ते मागवून घेईन आणि गरज पडल्यास कर्जतच्या भात संशोधन केंद्राकडे किंवा रोह्याच्या कृषी विज्ञान केंद्राकडे दाखवीन. आणि संदेशात नुसते "बघा" लिहू नका. जात कोणती, लावणी कधी झाली, शेवटचा युरिया कधी दिला, पाणी गोडे की खारे, एवढे चार शब्द फोटोखाली असू द्या.